मॅझिनीचा वारसा कोणाकडे ?
(इटलींतील फॅसिस्ट सत्तेस झालेला राजकीय विरोध व त्याचा मराठी माणसांशीं संबंध)

(१) प्रश्नाचें स्वरूप

इटलीच्या इतिहासांतील मॅझिनी व गॅरिबाल्डी हीं नांवें महाराष्ट्रास जितकीं परिचित आहेत तितकीं दुसऱ्या परदेशांतील पुरुषांचीं क्वचितच असतील. वि. दा. सावरकरांनीं लंडन येथें केलेलें मॅझिनीच्या लेखांचें भाषांतर त्यांचे वडील बंधु बाबाराव यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलें व पुढें सरकारनें त्यावर बंदी घातली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परकीय सत्तेखालीं तुकडे होऊन पडलेला देश एक कसा झाला, याचा धडा म्हणून एका सबंध पिढीनें इटलीचा इतिहास वाचला. याच प्रीतीचा कांहीं भाग पुढें, १९२२ नंतर, मुसोलिनीकडे वळला. ‘केसरी’सारख्या पत्रांतहि १९२४ नंतरच्या दशकांत त्याच्या कारभाराविषयीं अनुकूल लेख आले. मॅझिनीचा देश, त्या देशांत पुन्हां शिस्त व सामर्थ्य आलें, तेव्हां हा नवा पुढारी मॅझिनीचाच वारस असला पाहिजे, अशी ही विचारसरणी होती.

हें अनुमान पुराव्यास कितपत उतरतें, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं फॅसिस्ट सत्तेस इटलींत कोणीं, कोणत्या मार्गांनीं व काय सोसून विरोध केला, याचा आढावा प्रथम घ्यावा लागेल. त्या विरोधाच्या लढ्यांत एका मराठी गृहस्थानें प्रत्यक्ष शस्त्र घेतलें होतें, त्याचीहि हकीकत ओघानें येईल. परभणी जिल्ह्यांतील झरीसारख्या गांवीं बसून या दूरच्या विषयाचा खल कां करावा, असें कोणी विचारील; त्याचें उत्तर लेखाच्या शेवटीं दिलें आहे.

(२) संसदेंतील विरोध

मुसोलिनीची सत्ता एका दिवसांत एकतंत्री झाली नाहीं. १९२२ च्या ऑक्टोबरअखेर त्याच्या अनुयायांनीं रोमवर चाल केली तेव्हां राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल यानें लष्करी कायदा पुकारण्याचें नाकारून त्यालाच प्रधानपद दिलें. पहिल्या मंत्रिमंडळांत इतर पक्षांचेहि लोक होते. १९२३ सालीं निवडणुकीचा नवा कायदा झाला. ज्या यादीस सर्वांत अधिक व निदान शेंकडा २५ मतें मिळतील तिला प्रतिनिधिगृहाच्या दोनतृतीयांश जागा द्याव्या, असा तो कायदा होता. ६ एप्रिल १९२४ ची निवडणूक या कायद्यान्वयें व काळ्या सदऱ्यांच्या लाठ्यांच्या छायेखालीं झाली.

या निवडणुकीचा खरेपणा सभागृहांतच उघडपणें नाकारणारा पुरुष म्हणजे समाजवादी प्रतिनिधि जाकोमो मात्तेओत्ती. त्याची पद्धति संशोधकानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. केवळ निषेधाचीं भाषणें न करितां फॅसिस्टांनीं कोठें, कोणत्या दिवशीं, कोणावर हल्ला केला याची तो टांचणें ठेवी; फॅसिस्ट अमलाच्या एका वर्षाचा असा हिशेबच त्यानें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला होता. ३० मे १९२४ रोजीं त्यानें सभागृहांत भाषण करून निवडणूक रद्द ठरविण्याची मागणी केली. १० जून रोजीं रोममध्यें भर दिवसा त्याला मोटारींतून पळवून नेऊन ठार करण्यांत आलें. प्रेत शहराबाहेरच्या रानांत १६ ऑगस्टला सांपडलें.

या खुनानें सत्तेचा पाया कांहीं महिने हादरला. विरोधी पक्षांचे शंभरांहून अधिक प्रतिनिधि सभागृह सोडून बाहेर पडले. प्राचीन रोमांत सामान्य जन रुसून आव्हेन्तीन टेकडीवर जाऊन बसले होते, त्यावरून या सभात्यागास ‘आव्हेन्तीन’ हें नांव मिळालें. जोव्हान्नी आमेन्दोला हा त्यांचा मुख्य पुढारी. राजा प्रधानास काढून टाकील, या भरंवशावर ही मंडळी थांबली. राजानें कांहीं केलें नाहीं. नैतिक बळ त्यांच्या बाजूस असतां वेळ मात्र प्रतिपक्षाच्या हातीं गेला. ३ जानेवारी १९२५ रोजीं मुसोलिनीनें घडल्या प्रकाराची सर्व जबाबदारी आपली म्हणून सभागृहांत सांगितलें व विरोधकांस मोडण्याचें सत्र सुरू केलें. त्याच उन्हाळ्यांत आमेन्दोलास मारहाण झाली. तो १९२६ च्या एप्रिलांत परदेशीं वारला. तत्त्ववेत्ता बेनेदेत्तो क्रोचे यानें १ मे १९२५ रोजीं फॅसिस्ट पंडितांच्या जाहीरनाम्यास उत्तर म्हणून विद्वानांच्या सह्यांचें एक पत्रक काढलें. उघड व कायदेशीर विरोधाची ती जवळ जवळ अखेर होती.

(३) विरोध बंद करणारे कायदे व त्यांचीं दप्तरें

१९२६ च्या नोव्हेंबरांत फॅसिस्टेतर सर्व पक्ष बरखास्त झाले, विरोधी प्रतिनिधींच्या जागा रद्द झाल्या व राजकीय गुन्ह्यांसाठीं एक ‘विशेष न्यायासन’ स्थापण्यांत आलें. लष्करी व फॅसिस्ट पलटणींतील अधिकारी तेथें न्यायाधीश असत. १९४३ पर्यंत या न्यायासनानें सुमारे ४,६०० लोकांस एकूण सत्तावीस हजारांहून अधिक वर्षांची कैद सांगितली. ४२ जणांस देहांताची शिक्षा फर्माविली, पैकीं ३१ अमलांत आल्या. याखेरीज चौकशीवांचून लिपारी, पोन्झा, उस्तिका, व्हेन्टोटेने अशा बेटांवर अगर दूरच्या खेड्यांत स्थानबद्ध केलेल्यांची संख्या दहा हजारांवर जाते. आपल्याकडील १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनचा ज्यांस अनुभव आहे अशा घराण्यांस हा प्रकार निराळा समजावून सांगावयास नको.

कम्युनिस्ट प्रतिनिधि आन्तोनियो ग्राम्शी यास ८ नोव्हेंबर १९२६ रोजीं पकडण्यांत आलें व १९२८ सालीं वीस वर्षांहून अधिक कैद झाली. तुरुंगांत त्यानें ३३ वह्या लिहून काढल्या. इटलीचें एकीकरण कसें झालें व मॅझिनीचा पक्ष शेतकरी वर्गास आपल्याकडे कां ओढूं शकला नाहीं, हा त्या वह्यांतील एक मोठा विषय आहे. तेव्हां मॅझिनीची चिकित्सा, मग ती कठोर कां असेना, तुरुंगाच्या भिंतीआंत चालू होती. ग्राम्शी २७ एप्रिल १९३७ रोजीं मरण पावला.

येथें पुराव्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ज्यांचीं वृत्तपत्रें बंद, ज्यांच्या सभा बंद, ज्यांचीं पत्रें फोडलेलीं, त्यांचा इतिहास कशावरून लिहावा ? त्यांच्या शत्रूच्या दप्तरावरून. रोम येथील केंद्रीय राजकीय नोंदवहींत राज्यास संशयित वाटलेल्या दीड लक्षांहून अधिक माणसांच्या फायली आहेत. ही नोंदवही फॅसिस्टांच्या पूर्वींची, १८९४ पासूनची. परंतु त्यांनीं ती फार वाढविली. शिवकालाचा पुरावा आपणांस सुरतकर इंग्रजांच्या पत्रांतून मिळतो व पुढील काळाचा मोगल दरबारच्या अखबारांतून, तसाच हा प्रकार आहे. खानावळींत मुसोलिनीविरुद्ध एक वाक्य बोलणारा न्हावी किंवा गवंडी याचें नांव इतिहासांत राहिलें तें पोलिसानें तें लिहून ठेवलें म्हणून.

(४) एकमताचा आंकडा

याच काळांतील सरकारी आंकडे पाहिले तर विरोध मुळींच नव्हता असें वाटेल. २४ मार्च १९२९ रोजीं ४०० उमेदवारांची एकच यादी मतदारांपुढें ठेवण्यांत आली. होय किंवा नाहीं एवढेंच सांगावयाचें होतें. सुमारे ८५ लक्ष लोकांनीं ‘होय’ म्हटलें व सुमारे १ लक्ष ३५ हजारांनीं ‘नाहीं’. १९३४ सालीं ‘नाहीं’ म्हणणारे अवघे पंधरा हजारांच्या घरांत उरले. परंतु मतपत्रिका कशी होती हेंहि पाहिलें पाहिजे. ‘होय’ची पत्रिका राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांनीं रंगविलेली, ‘नाहीं’ची पांढरी. कोणती पत्रिका कोणीं टाकली हें लपविणें कठीण होतें. तेव्हां ८५ लक्षांचा आंकडा फारसें कांहीं सिद्ध करीत नाहीं. १ लक्ष ३५ हजारांचा मात्र बरेंच सिद्ध करतो.

१९३१ सालीं विद्यापीठांतील अध्यापकांकडून राजनिष्ठेबरोबर फॅसिस्ट सत्तेशींहि निष्ठेची शपथ मागण्यांत आली. बाराशेंच्या आसपास अध्यापकांपैकीं ती नाकारणारे सुमारे बारा निघाले; गणिती व्हीतो व्होल्तेर्रा त्यांपैकीं एक. शपथ घेणारे सर्वच मनानें फॅसिस्ट होते असें नाहीं. कित्येकांनीं जागा सोडली तर ती सरकारचा हस्तक घेईल, एवढ्यासाठीं सही केली. नाकारणाऱ्यांची अल्पसंख्या व घेणाऱ्यांची अडचण हीं दोन्ही ध्यानांत ठेवूनच त्या काळाचा न्याय करणें उचित होय.

(५) पाहुण्यांची साक्ष

परदेशांतून इटली पाहून आलेल्यांची साक्ष निराळी आहे. रवीन्द्रनाथ ठाकूर १९२६ सालीं सरकारचे पाहुणे म्हणून तेथें गेले, मुसोलिनीस भेटले व त्यांचे अनुकूल उद्गार इटालियन पत्रांत छापले गेले. नंतर स्वित्झर्लंडांत रोमाँ रोलाँ व परागंदा इटालियन यांच्याकडून त्यांस दुसरी बाजू कळली, तेव्हां त्यांनीं त्याच वर्षींच्या ऑगस्टांत ‘मँचेस्टर गार्डियन’मध्यें पत्र लिहून आपली भूमिका स्वच्छ केली.

नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे गोलमेज परिषदेहून परततां १९३१ च्या मार्चांत इटलीस गेले. तेथील लष्करी शाळा व बालकांच्या ‘बालील्ला’ पथकांच्या संस्था त्यांनीं पाहिल्या व १९ मार्चला मुसोलिनीची भेट घेतली. त्यांच्या रोजनिशींत या भेटीचें सविस्तर टिपण आहे. लष्करी शिक्षणाची निकड त्यांस पूर्वींपासूनच वाटत होती. नाशिक येथील भोंसला मिलिटरी स्कूल त्यांनीं पुढें १९३७ सालीं काढलें. डॉक्टरांनीं जें पाहिलें तें लबाडीनें लिहिलें असें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या दिवशीं ते कवायती पाहत होते त्या दिवशीं ग्राम्शी तुरुंगांत होता व लिपारीवर स्थानबद्धांची हजेरी घेतली जात होती. हें यजमान दाखविणार नव्हता. पाहुण्याची साक्ष यजमानानें उघडलेल्या दालनापुरतीच प्रमाण मानावी लागते. जवाहरलाल नेहरू १९३६ च्या मार्चांत पत्नीच्या निधनानंतर रोमवरून परत येत असतां मुसोलिनीच्या भेटीचा आग्रह झाला, तो त्यांनीं नाकारला. आपल्या भेटीचा उपयोग कशासाठीं होईल हें त्यांस ठाऊक होतें.

(६) रोसेल्ली बंधु

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मॅझिनीचा मृत्यु १० मार्च १८७२ रोजीं पिसा शहरीं, टोपण नांवानें राहत असतां, रोसेल्ली कुटुंबाच्या घरीं झाला. त्याच घराण्यांत पुढें कार्लो व नेल्लो हे बंधु निपजले. कार्लो अर्थशास्त्राचा अध्यापक, नेल्लो इतिहाससंशोधक. नेल्लोचा पहिला ग्रंथ मॅझिनी व बाकूनिन यांच्या संबंधावर असून तो १९२७ सालीं निघाला. दोघांसहि बेटांवरील स्थानबद्धता भोगावी लागली.

२७ जुलै १९२९ च्या रात्रीं कार्लो रोसेल्ली, एमिल्यो लुस्सू व फाउस्तो नित्ती हे तिघे लिपारी बेटावरून मोटारबोटींतून निसटले. पॅरिस येथें त्यांनीं ‘न्याय आणि स्वातंत्र्य’ या नांवाची संघटना काढली. पक्षोपपक्षांचीं भांडणें बाजूस ठेवून प्रजासत्ताकासाठीं कृति करावयाची, हा तिचा बाणा. १९३० च्या जुलैंत या मंडळींनीं विमानांतून मिलान शहरावर पत्रकें टाकलीं. पुढील वर्षीं ३ ऑक्टोबरला लाउरो दे बोसिस या तरुण कवीनें स्वतंत्रपणें असेंच उड्डाण रोमवर केलें. तो परत आला नाहीं.

सरकारनेंहि हा वारसा सोडला नव्हता. तत्त्वज्ञ जेन्तीले यानें मॅझिनीस फॅसिस्ट विचाराचा पूर्वसूरी ठरविलें होतें. १९३२ सालीं गॅरिबाल्डीच्या पन्नासाव्या पुण्यतिथीस त्याची पत्नी अनिता हिचा पुतळा मुसोलिनीच्या हस्तें रोममध्यें उघडण्यांत आला. खुद्द गॅरिबाल्डीच्या नातवांत फूट होती : एत्सियो हा फॅसिस्ट सेनानी, तर सान्ते हा विरोधक म्हणून फ्रान्सांत. यावरून दिसेल कीं, हा वारसा रक्तानें ठरत नाहीं व उत्सवानेंहि ठरत नाहीं.

(७) स्पेनचें रणांगण व गोपाळ मुकुंद हुद्दार

१९३६ च्या जुलैंत स्पेनच्या प्रजासत्ताकाविरुद्ध सेनापतींनीं बंड केलें. मुसोलिनीनें बंडवाल्यांच्या मदतीस युद्ध संपेपर्यंत सत्तर हजारांहून अधिक माणूस पाठविला. उलट बाजूस तीन हजारांहून अधिक इटालियन स्वयंसेवक प्रजासत्ताकाकडून लढले. इटलीच्या स्वातंत्र्याची वाट स्पेनमधून जाते, असें कार्लो रोसेल्लीनें बार्सिलोनाच्या नभोवाणीवरून आपल्या देशबांधवांस कळविलें. तो स्वतः आरागोनच्या आघाडीवर जखमी झाला होता. दुसऱ्या एका पथकास गॅरिबाल्डीचें नांव देण्यांत आलें. त्याचा सेनापति रान्दोल्फो पाच्चार्दी हा मॅझिनीच्या परंपरेंतील प्रजासत्ताक पक्षाचा. १९३७ च्या मार्चांत ग्वादालाहारा येथें इटालियनांविरुद्ध इटालियन उभे राहिले व मुसोलिनीच्या सैन्याचा मोड झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, ९ जून १९३७ रोजीं, नॉर्मंडींत कार्लो व त्यास भेटावयास आलेला नेल्लो या दोघांचा मारेकऱ्यांनीं खून केला. मारेकरी फ्रेंच होते. त्यांचे धागे इटालियन लष्करी हेरखात्याशीं जुळलेले होते.

याच युद्धांत नागपूरचे गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार हे आंतरराष्ट्रीय पथकांत दाखल झाले. हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आरंभींच्या कार्यकर्त्यांपैकीं. १९२९ सालीं संघाचे पहिले सरकार्यवाह म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. पुढें राजकीय दरोड्याच्या खटल्यांत त्यांनीं कारावास भोगला व सुटल्यावर वृत्तपत्रव्यवसायाच्या शिक्षणासाठीं ते लंडनला गेले. तेथून ‘जॉन स्मिथ’ हें नांव घेऊन ते स्पेनांत गेले. १९३८ च्या वसंतांत आरागोनची आघाडी कोसळली. या चढाईंत बंडवाल्यांबरोबर इटालियन पलटणीहि होत्या. एप्रिलच्या आरंभीं गान्देसा भागांत हुद्दार पकडले गेले व बुर्गोसजवळील सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठांत युद्धकैदी म्हणून राहिले. त्याच वर्षीं सुटका होऊन ते स्वदेशीं परतले व पुढें कम्युनिस्ट पक्षांत गेले. १९८१ सालीं त्यांचें निधन झालें.

एकाच नागपूर शहरांतून, एकाच सार्वजनिक वर्तुळांतून, सात वर्षांच्या अंतरानें दोन पुरुष याच सत्तेसमोर गेले : एक रोमच्या प्रासादांत पाहुणा म्हणून, दुसरा आरागोनच्या डोंगरांत शत्रु म्हणून. पहिल्याची रोजनिशी अभ्यासकांच्या हातीं आहे. दुसऱ्याचें नांवहि पुष्कळ मराठी वाचकांस ठाऊक नाहीं. महाराष्ट्राचा फॅसिस्ट सत्तेशीं आलेला संबंध लिहितांना एकीचाच उल्लेख करून दुसरी हकीकत गाळणें हें कोणत्याहि पक्षानें करूं नये.

(८) शेवट

२५ जुलै १९४३ रोजीं मुसोलिनी पदच्युत झाला. ८ सप्टेंबरला तहनामा जाहीर होतांच जर्मनांनीं देश व्यापला व दुसऱ्याच दिवशीं रोममध्यें फॅसिस्टविरोधी पक्षांची मुक्तिसमिति स्थापन झाली. उत्तरेंत जर्मनांच्या आश्रयानें मुसोलिनीनें राज्य थाटलें त्यासहि ‘प्रजासत्ताक’ असेंच नांव दिलें. वारशाचा हा शेवटचा दावा. त्याविरुद्ध डोंगरांतून लढणाऱ्या पथकांत ‘गॅरिबाल्डी’ व ‘न्याय आणि स्वातंत्र्य’ हींच नांवें पुन्हां दिसतात. २५ एप्रिल १९४५ रोजीं उत्तरेंत उठाव झाला. २८ तारखेस मुसोलिनीस गोळी घालण्यांत आली.

या मोहिमेंत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक इटलींत लढले. कुलाबा जिल्ह्यांतील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत पडले व नगर जिल्ह्यांतील शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर पराक्रम केला. दोघांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांचें स्मारक मोन्तोने या गांवीं २०२३ सालीं उभें राहिलें. हे वीर इंग्रज सरकारचे शिपाई म्हणून लढले; त्यास राजकीय विरोध म्हणतां येणार नाहीं. परंतु त्या भूमीच्या मुक्ततेंत मराठी रक्तहि सांडलें, ही गोष्ट खरी.

२ जून १९४६ रोजीं इटालियन जनतेनें, स्त्रियांसह, मत दिलें. सुमारे १ कोटि २७ लक्ष मतें प्रजासत्ताकाच्या बाजूनें व १ कोटि ७ लक्ष राजाच्या बाजूनें पडलीं. मॅझिनीनें जन्मभर मागितलेलें प्रजासत्ताक त्याच्या मृत्यूनंतर ७४ वर्षांनीं आलें, तें त्याच्या नांवाचा जयघोष करणाऱ्या सत्तेच्या हातून आलें नाहीं; ती सत्ता मोडल्यावर आलें. एवढ्यावरून प्रश्नाचा निर्णय करण्यास हरकत नसावी.

(९) उपसंहार

झरी येथें बसून हें लिहिण्याचें कारण असें. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. दोन राज्यांचा इतिहास सर्वस्वीं निराळा. त्यांची बरोबरी करण्याचा हेतु नाहीं. परंतु विरोधाच्या इतिहासाचीं साधनें मात्र एकाच जातीचीं आहेत. येथेंहि १९३८ सालीं स्टेट काँग्रेसवर ती उभी राहण्यापूर्वींच बंदी आली. ‘मराठवाडा’ पत्रास मनाई होतांच तें संस्थानाबाहेरून नांव बदलून निघत राहिलें. १९४७-४८ सालीं सरहद्दीपलीकडील ठाण्यांतून लढा चालला. येथेंहि सरकारी कागदांत प्रजा संतुष्ट दिसते व पोलिसी कागदांत ती असंतुष्ट दिसते. इटलींत हें दुसरें दप्तर जपलें गेलें म्हणून न्हाव्याचा व गवंड्याचा विरोध सिद्ध करतां आला. आपल्या खेड्यांतून तें काम अद्याप पुरतें झालेलें नाहीं.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति कीं, ज्यांच्या घरीं इटलीच्या आघाडीवरून आलेलीं पत्रें, पगाराचीं पुस्तकें, किंवा निजामी अमदानींतील समन्स, तडीपारीचे हुकूम, जप्त पत्रांचे अंक असतील त्यांनीं ते कागद वाळवीच्या स्वाधीन न करितां त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्या. एकमताचा आंकडा सरकार आपण होऊन जपून ठेवतें. ‘नाहीं’ म्हणणाऱ्याचा कागद घरच्या माणसांनींच जपावा लागतो.